झोपलेले एक्केचाळीस काटे

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला उखर्डू आबा जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि उपरण्यात गुंडाळलेली पेटी त्यांनी प्रा. लीलाधर भामरेच्या टेबलावर अलगद ठेवली. उपरणं सुटलं मात्र, खोलीभर जळक्या वायरचा वास पसरला.

लीलाधरने पेटी लगेच ओळखली. पेटी त्याची स्वतःची होती. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर बंद करणारी, त्याच्या पाच वर्षांच्या संशोधनाचं फळ. गुरुवारी धुळ्याला पीएचडीची तोंडी परीक्षा होती. घरी तर पेढेसुद्धा सांगून झाले होते. माणसाला दम म्हणून धरवत नाही!

"मोटर जयी गयी, सर," आबा म्हणाले. "पन तुमी काही मनवर लेऊ नका. घरनी बाईनीच चुकी शे. तिना डोयाले बरोबर दिसत नही. मीटरना काटा वर व्हता, तिनी वहीमा खाले काढा. म्हनीसन पेटीनं गणित चुकनं. चार दिवस व्हयनात, पोटभर जेवनी नही. म्हनस, सरले सांगा, माले माफ करा."

आता इथे लीलाधरने 'चूक बाईची नाही, माझ्या पेटीची' एवढं बोलायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हा मोठा विद्वान म्हणाला, "होतं असं कधी कधी, आबा." आणि वर चहा मागवला. आबा चहा पिऊन, हात जोडून चोपड्याच्या एसटीला गेले. लीलाधर त्या पेटीकडे बघत तसाच बसून राहिला. आपण आत्ता काय बोललो, याची त्याला शिसारी आली.

घरची बाई म्हणजे झुंबरबाई. चोपडा रस्त्यावरच्या एका खेड्यात त्यांची केळी, विहीर आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर. तीन वर्षांपूर्वी, एकोणनव्वद साली, लीलाधरने त्या विहिरीवरच्या खोपीत एक व्होल्टमीटर बसवला होता. गावाकडच्या लाईटचे खरे आकडे त्याला हवे होते. पण तास न् तास तिथे बसणार कोण? शिकलेली पोरं दोन दिवसांत कंटाळली. तेव्हा झुंबरबाई पदर सावरत म्हणाल्या होत्या, मी बसते, पण मला आकडे येत नाहीत.

आणि मग बाईने अशी युक्ती काढली की लीलाधर थक्कच झाला. हातातली काचेची बांगडी काढायची, वहीवर ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची. झाला मीटर! आणि त्या गोलात काटा जिथे असेल तिथे एक रेघ ओढायची. दर महिन्याला लीलाधर वह्या आणायचा, कोनमापक लावून रेघेचा कोन मोजायचा आणि त्याचे व्होल्ट करायचा. दीड वर्षात बाईंनी दोन हजारांवर बांगड्या काढल्या. गावात त्यांना लोक 'मीटरवाली अक्का' म्हणायला लागले होते, आणि त्यांना ते फार आवडायचं.

त्या दोन हजारांतल्या एक्केचाळीस गोलांत काटा पार खाली, दोनशेच्या आसपास पडलेला होता. जिथे चारशे पाहिजे तिथे दोनशे! लीलाधरचे मार्गदर्शक, धुळ्याचे बोरसे सर, हसले होते. म्हणाले, "भामरे, असलं व्होल्टेज कुठल्या पुस्तकात आहे का? बाईला डुलकी लागली असेल." धुळ्याच्या कॉलेजात नवीन कॉम्प्युटर आला होता. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. लीलाधरने सगळे आकडे त्यात भरले, तर मशीननेही नेमक्या त्याच एक्केचाळीस आकड्यांपुढे चांदण्या छापल्या. म्हणजे हे न जुळणारे, बघून घ्या. बघून घ्या, इतकंच मशीन म्हणालं होतं हो! लीलाधरने ते पुसून टाकले आणि त्यांच्या जागी सरासरी भरली. आलेख कसा छान गुळगुळीत झाला. प्रबंधात त्रेसष्टाव्या पानावर खाली बारीक अक्षरात टीप आली: निरीक्षक निरक्षर असल्यामुळे एक्केचाळीस नोंदी चुकीच्या धरून वगळल्या आहेत.

त्या गुळगुळीत आलेखावरून पेटी बनली. व्होल्टेज पडतं ते क्षणभरच, असं आलेख सांगत होता. म्हणून उगाच सारखी मोटर बंद पडू नये यासाठी पेटीने तीन मिनिटं थांबायचं आणि मगच मोटर बंद करायची, असं त्याने ठरवलं. जानेवारीत पहिली पेटी त्याने मोठ्या मानाने झुंबरबाईंच्याच खोपीत बसवली. लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारं 'ऑटो'ही जोडून दिलं. वर म्हणाला, "अक्का, आता बसायचं काम नाही. पेटी बघेल."

सोमवारी संध्याकाळी त्याने जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या. एक्केचाळीस पडलेले काटे शोधले. प्रत्येकाखाली पेन्सिलचे ठिपके होते. कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा. बाकी एकाही बांगडीखाली ठिपका नव्हता. इतकी वर्षं तो त्यांना नक्षी समजत आला होता. हे ठिपके कसले, एवढं एकदा विचारायला काय जात होतं?

मंगळवारी तो धुळ्याला गेला. बोरसे सरांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "वेड लागलंय का? गुरुवारी परीक्षा आहे. एकदा डॉक्टर हो, मग काय दुरुस्त्या करायच्या त्या कर. आणि मोटर काय, गावात रोज जळतात."

"पण सर, ती बाई स्वतःला दोष देतेय."

"देऊ दे चार दिवस. विसरेल."

लीलाधरला सर वाईट वाटले नाहीत, हे विशेष. कालपर्यंत तोही अगदी असाच बोलत होता.

बुधवारी भर दुपारी तो शेतावर पोचला. केळीची पानं कडेने करपायला लागली होती. झुंबरबाई खोपीसमोर बसल्या होत्या, पण मीटरकडे पाठ करून. त्याला बघताच त्या उठल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

"सर, मनीच चूक शे. तुमी सांगं व्हतं बसानं काम नही, पन माले उठाले नको व्हतं."

लीलाधरने पिशवीतून जुनी वही काढली. ती उघडून पुढे धरली. "अक्का, हे ठिपके कसले?"

"त्या फेऱ्या शेत," बाई म्हणाल्या, जणू हे जगाला माहीत आहे. "लाईट उनी का गावभरन्या बठ्ठास्न्या मोटरी एकदमच चालू व्हतीस. काटा झोपी जास. मंग मी मनी मोटर बंद करू, आनि त्या निंबपावत जाऊ, परत येऊ. एक फेरी, एक ठिपका. काटा उठस तवलोंग."

लीलाधरने घड्याळ बघितलं आणि कडुनिंबापर्यंत चालायला सुरुवात केली. उन्हात जाऊन परत आला. एक मिनिट आणि काही सेकंद. पाच ठिपके म्हणजे पाच मिनिटांच्या वर. दोनशे व्होल्टवर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. आणि त्याची शहाणी पेटी तीन मिनिटं वाट बघत बसणार! दीड वर्ष ही मोटर जळली नाही, कारण ही बाई उठून ती बंद करत होती. तिला उठवलं कोणी?

तो तिथेच बांधावर बसला. आणि मग सगळं सांगितलं. चांदण्या, सरासरी, त्रेसष्टावं पान, काहीही लपवलं नाही. इंग्रजीतली टीप मराठीत करून वाचूनही दाखवली.

झुंबरबाई ऐकत होत्या. हातातल्या बांगड्या चाचपत होत्या.

"अडानी लिखं ना माले?"

"हो, अक्का."

"माले काबर नही इचारं?"

लीलाधर रडला. पस्तिशीचा बाप्या, प्राध्यापक, बांधावर बसून रडला. बाईंनी त्याला पाणी दिलं, पण गप्प राहा म्हणाल्या नाहीत. पाण्याचा तांब्या परत घेताना त्यांनी केळीच्या बागेत काम करणाऱ्या उखर्डू आबांकडे हात केला.

"माले सांगीसन काय फायदा? यासले सांगा. गावले सांगा. चार दिवसफाईन बठ्ठा माले आंधयी म्हनी राहिनात."

त्याने सांगितलं. आधी आबांना, मग संध्याकाळी पारावर, दहा-पंधरा माणसांत उभं राहून. चूक माझी होती, अक्काचा एकूण एक काटा बरोबर होता. आबा मान खाली घालून नखाने पारावरची माती उकरत राहिले.

गुरुवारी धुळ्याला बाहेरगावचे परीक्षक अभिनंदनाच्या सुरातच बसले होते. लीलाधरने प्रबंधाऐवजी बांगड्यांच्या वह्या पुढे ठेवल्या आणि त्रेसष्टावं पान उघडलं. बोरसे सरांचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यानंतर ते लीलाधरशी कधीही धड बोलले नाहीत. निकाल लागला तो असा: प्रबंध परत, एक वर्ष नव्याने नोंदी घ्या, मग या. पेढेवाल्याला निरोप धाडावा लागला.

मोटरची जळकी वायर चोपड्याला नव्याने भरून आणली, ऑटो काढून टाकलं. जूनच्या आधी लीलाधर नवी कोरी वही आणि पेन्सिलींचा डबा घेऊन खोपीवर गेला. झुंबरबाईंनी वहीकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"मी आते काढत नही, सर."

"अक्का, तुमच्याशिवाय..."

"तुमी काढा. तुमले लिव्हता येस."

बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. जे काम बाईने दीड वर्ष आनंदाने केलं होतं, ते त्याने एका ओळीत तिच्या हातातून काढून घेतलं होतं. आता कितीही माफी मागितली तरी ते परत यायचं नव्हतं. त्याने मुकाट्याने वही मांडीवर घेतली. गोल काढायला काहीच नव्हतं. त्याने हातानेच काढला आणि तो वाकडा आला.

झुंबरबाईंनी तो वाकडा गोल बघितला. मग एक बांगडी उतरवली आणि त्याच्यासमोर वहीवर ठेवली.

तीनच्या सुमाराला लाईट आली. शिवारभर मोटरी घुमल्या. काटा थरथरला, घसरला आणि दोनशेवर जाऊन पडला. लीलाधरने मोटर बंद केली, बांगडीभोवती पेन्सिल फिरवली आणि रेघ ओढली. घड्याळ मनगटाला होतं. ते बघणार, तोच झुंबरबाई उठल्या. काहीही न बोलता कडुनिंबाकडे चालू लागल्या. त्या गेल्या आणि परत आल्या. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

"एक," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वळल्या.

लीलाधरने ठिपका दिला.