माचिसवर चालणारी वाहिनी

काडीपेटी. दोन रुपये.

उन्हात वाळवलेला कडुलिंबाचा पाला.

परभणीहून सुटायला उशीर झालेली जिंतूरची बस.

टीव्हीचा निळा पडदा, त्यावर इंग्रजीत एकच ओळ.

ती ओळ पार्वतीबाईंना वाचता येत नव्हती, पण कळली. रिचार्ज संपला. रिचार्ज मारायचा फोन नवऱ्याच्या खिशात, आणि दिनकरराव अजून परभणीच्या स्टँडवर. इकडे साडेसहाला सरकारी वाहिनीवर पार्वतीबाई दिसणार होत्या. शेतकी विद्यापीठाची माणसं गावात, चारठाण्याला येऊन गेली होती. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ज्वारीचं बियाणं कसं टिकवायचं, ते पार्वतीबाईंनी त्यांच्या कॅमेऱ्यापुढे तीन मिनिटं सांगितलं होतं. उभ्या जन्मात टीव्हीवर यायची ही एकच वेळ.

सरकारी वाहिनी फुकट म्हणतात. असेल. पण त्यांच्या घरी ती रिचार्जच्या डब्यातून, भाड्याच्या वाटेनं यायची. वाट बंद, तर सगळंच बंद.

महिन्याला काहीच भरावं लागत नाही अशी छत्री गल्लीत एकाच पत्र्यावर होती, शेजारच्या धुरपताबाईच्या. त्या छत्रीला ‘फुकट्यांची थाळी’ हे नाव पार्वतीबाईंनीच ठेवलेलं, तेही हळदी-कुंकवाला, चारचौघींत.

सहा पंचवीस. पदर सावरून त्या निघाल्या.

“या वैनी,” धुरपताबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. “डब्बा रुसला वाटतं?”

“रिचार्ज संपलाय, माय. आले तुझ्या फुकटच्यावर बगायला.”

“फुकट कसं वो? माचिस घेते, साबण घेते, त्याच्यात टॅक्स कापतेत की न्हाई? त्याच्यावर चालते ही. आमचा पोरगा सारंग सांगत होता.”

“माचिस तर मीबी घेते.”

“तेच म्हणायलेय! तुमी हिचे पैसे भरून बसलाव, अन् बगायलाव दुसरंच. बसा. तुमचंच हाय.”

पार्वतीबाई पाहुणीसारख्या कडेला टेकल्या होत्या. त्या सरकून नीट मांडी घालून बसल्या.

पडद्यावर आधी हात आले, राखेनं माखलेले. मग तोंड. मग आवाज.

“अगं बया,” धुरपताबाई म्हणाली, “टीव्हीतबी खेकसायलाव!”

दोघी इतक्या हसल्या, की शेवटचं अर्धं मिनिट ऐकायचं राहूनच गेलं.

चित्रीकरणाच्या दिवशी पार्वतीबाईंनी कॅमेरावाल्याला विचारलं होतं, दाखवायचे किती घेता. तो म्हणाला होता, काही नाही.