दगडाचं शेंडेफळ

संस्थेच्या दारात काचेच्या पेटीत तो वालुकाश्म बसवायचा होता आणि त्याची पितळी पाटी आधीच कोरून आली होती: 'वय तीनशे कोटी वर्षे'. वय मोजायचं तेवढं राहिलं होतं. ते किरकोळ काम सरांनी प्रयोगशाळेतल्या कंत्राटी संशोधिकेकडे, म्हणजे तिच्याकडे दिलं. तिचं कंत्राट संपत आलं होतं आणि नव्या कंत्राटावर सही सरांचीच लागणार होती. तेव्हा उत्तर काय यायला हवं, हे कळायला दगडांची वयं मोजणाऱ्या लेझरची गरज नव्हती.

तिने दगड भरडला, वाळू चाळली, त्यातले झिरकॉन या खनिजाचे दाणे वेचले. दाण्यातल्या युरेनियमचं सावकाश शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की दाण्याचा जन्म कळतो. दाणे खरंच जख्ख म्हातारे निघाले. एक सोडून. तो जेमतेम एकशे साठ कोटींचा. अशा दाण्याला प्रयोगशाळेत शेंडेफळ म्हणत, आणि घरातल्यासारखंच इथेही शेंडेफळापुढे कुणाचं चालत नसे. सर्वांत धाकट्या दाण्याहून दगड जुना असूच शकत नाही.

"यंत्रात आधीच्या दगडाचा राहिला असेल," सर म्हणाले. "मुलगी झाल्यापासून तुमचं जरा लक्ष नसतं."

असेलही, म्हणून तिने भरडायचं यंत्र ब्रशने घासलं, हवेच्या झोताने फुंकलं. इतकं निगुतीने तर तिने लेकीचे कानही कधी पुसले नव्हते. मग नवा तुकडा भरडला. आता शेंडेफळं चार निघाली, चारही एकाच वयाची.

सरांनी आकडे पाहिले. "बाकीचे दोनशे काय म्हणतात?"

"ते म्हातारेच आहेत, सर."

"मग झालं तर. बहुमत आहे."

"सर, आमच्या घरी एक फोटो आहे. सासूबाई, त्यांच्या दोन जावा, मामंजी, सगळे सत्तरीपुढचे. आणि माझ्या मांडीवर लेक. बहुमत म्हाताऱ्यांचं आहे, म्हणून फोटो तिच्या जन्माआधीचा होतो का?"

सरांनी चष्मा पुसला. त्यांना मुद्दा कळला होता, दुखणं तेच होतं. "फोटोतून पोरीला कापता नाही येणार?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

"येईल की. पण तिला धरलेले माझे हात उरतील. ते काय धरून बसलेत, असं कुणीतरी विचारणारच."

अहवालात एकशे साठ कोटीच गेले, तिच्या सहीने. पितळ वाया घालवणं मात्र सरांच्या रक्तात नव्हतं. पाटी तीच राहिली, फक्त 'वय'च्या वर मुंगीएवढ्या अक्षरांत 'यातील सर्वांत जुन्या दाण्यांचे' आलं. कंत्राटही मिळालं, वर्षाऐवजी सहा महिन्यांचं. खरं बोलण्याचं वजन सरांनी बरोबर निम्मं मोजलं होतं.

कागद पर्समध्ये कोंबून ती पाळणाघरात पोचली. घरचं शेंडेफळ दारातच बसलं होतं, दोन्ही मुठी वाळूने गच्च भरून. तिने लेकीला कडेवर घेतलं, एकेक बोट सोडवलं आणि वाळू तिथेच पायरीवर झटकली.

"घरी नको न्यायला, सोने," ती म्हणाली. "आईच्या साडीला लागेल, आणि उद्या प्रयोगशाळेत भलताच दगड तरुण व्हायचा."