लाल ते लाल

ताईच्या पायाला भिंगरी आहे असं सगळेच म्हणत, पण त्या दिवशी कहरच झाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भट्टी, शेजारच्या खोलीत पलंगावर धाकटा भाऊ, आणि मधल्या बारा पावलांत सकाळपासून तिच्या शंभर येरझाऱ्या झाल्या होत्या. बसायचं म्हणून खुर्ची ओढायची आणि टेकायच्या आत उठायचं. बघणाऱ्याला चक्कर यावी.

भट्टी म्हणजे काय, तर खणासारखी ओढायची एक पत्र्याची पेटी. सर्किट बोर्डावर सोल्डरची पेस्ट लावायची, तिच्यावर चिमट्याने बारीक बारीक भाग ठेवायचे, खण आत ढकलायचा. भट्टी हळूहळू तापते, पेस्ट वितळते आणि सगळे भाग एका दमात जोडले जातात. चांगल्या भट्ट्या असतात हो, नाही असं नाही. ही मात्र स्वस्तातली. पहिल्याच दिवशी आतली पिवळी चिकटपट्टी जळून घरभर असा वास सुटला की भाऊ पलंगावरून ओरडला, "ताई, स्वयंपाक आज जरा जास्तच झाला का गं?" आणि तिचा स्वतःचा तापमानाचा आकडा म्हणजे शुद्ध थापा. म्हणून ताईने थेट बोर्डाला चिकटवायचा एक वेगळा सेन्सर घेतला. त्याची तार तोकडी पडली, तेव्हा दुसऱ्या दुकानातून आणलेली तार तिने पुढे जोडली, आणि भट्टीला आता त्याच सेन्सरचं ऐकायला लावलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर भावाच्या खुर्चीसाठी. बारा वर्षांपूर्वी पोहायला म्हणून त्याने उडी मारली, तळ फार जवळ निघाला, आणि मानेखालचं सगळं गेलं. हनुवटीने दांडी हलवली की खुर्ची चालायची, मागे कलायची, अंगाचा भार बदलायची. नऊ दिवसांपूर्वी तिचा बोर्ड जळला. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलेलं. तेव्हापासून भाऊ पलंगावर, आणि दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायला ताई. एवढं करूनही डाव्या खुब्यावर लाल डाग उठलाच.

काल नर्सने डागावर बोट दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "परत येते परवा सकाळी. खुर्चीत बसला, खुब्यावरचा भार गेला, तर ठीक. नाहीतर मी काही ऐकून घेणार नाही, सरळ हॉस्पिटल." मागच्या वेळी अशाच एका डागाची जखम झाली, तेव्हा भाऊ आठ महिने हॉस्पिटलात होता आणि घरी आला तो अर्धा होऊन. पुन्हा तसं झालं तर तो परत येईलच, याची ताईला खात्री नव्हती. हे ती कोणाशी बोलली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, बाई बावीस वर्षं कारखान्यात सोल्डरिंग करत होती, मग भट्टी कशाला? हातानेच का नाही जोडायचं? तर त्याचं असं, की दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. "कंटाळा आला मला," असं सांगून तिने नोकरी सोडली. खरं कारण कोणालाच सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. ज्याचे हात आपण, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की आपलाच हात गेला? भट्टीचं एक बरं होतं. चिप केसभर तिरकी बसली तरी वितळलेलं सोल्डर तिला आपोआप जागेवर ओढून घेई. थरथरणारा हात त्यात खपून जाई.

जळालेल्या बोर्डावरून बनवून घेतलेले कोरे बोर्ड तीन होते. मोटर चालवणाऱ्या चिपा, दहा ठिकाणी हात पसरून मिळवलेल्या, त्याही तीनच. सकाळी तिने एक भंगार बोर्ड घालून भट्टी तपासली. सुरेख! सांधे आरशासारखे चकचकीत. लगोलग तिने खरा बोर्ड आत सारला.

तो बाहेर आला तो तपकिरी होऊन. चिपेला फोड आलेला.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"काही नाही. तू गप पड."

"मी पडलेलाच आहे. दुसरं करतोय काय?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तापमान दहा अंशांनी कमी केलं, भावाला वळवलं, पाणी पाजलं, आणि भट्टी निवायची वाटही न बघता दुसरा बोर्ड घातला. थांबणं तिला जमतच नव्हतं. थांबलं की डाग डोळ्यांसमोर यायचा. दुसरा बोर्ड पहिल्यापेक्षा काळा निघाला.

आता मात्र ती मटकन खाली बसली. एकच चिप उरली होती आणि दुपारचे तीन वाजले होते.

"ताई, इकडे ये. बस इथे. बस म्हणतो ना!" भाऊ म्हणाला. अंथरुणावरून हुकूम सोडायची त्याला सवय होती, म्हणून ती त्याला साहेब म्हणायची. "भंगार बोर्ड चांगला निघाला, मग पहिला जळला, दुसरा जास्त जळला. बरोबर? तापमान तर तू उलट कमी केलंस."

"हो साहेब."

"म्हणजे भट्टी जशी तापत जाते तशी ती जास्त खोटं बोलते. बाहेरचं काय तापतंय?"

"बाहेरचं काय तापणार? मागे नुसता तारांचा जोड आहे, तो..." ताई बोलता बोलता थांबली. "अरे देवा."

"आता काय?"

"जोडताना लाल तार लालला लावली मी. लाल ते लाल, आयुष्यभर तेच केलं. मग आकडा वाढायच्या ऐवजी उतरायला लागला. मी म्हटलं, टोकाला काहीतरी उलटं झालंय, म्हणून भट्टीकडच्या टोकाला तारा अदलाबदल केल्या. आकडा वर चढला. मी खूश!"

"मग झालं की बरोबर."

"कसलं डोंबलाचं बरोबर! या सेन्सरची लाल तार म्हणजे उणे असते रे. आणि त्या दुसऱ्या दुकानातल्या तारेची लाल म्हणजे अधिक. दोन्ही तारा वेगळ्या धातूंच्या असतात, धातूला धातू जुळावा लागतो, आणि मधला तुकडा अजून उलटाच आहे. जोड गार असेपर्यंत चालतं. तो तापला की आकडा कमी दिसतो, आणि भट्टी बिचारी आणखी पेटते." तिने कपाळावर हात मारून घेतला. "बावीस वर्षं! आणि नवशिक्यासारखी चूक."

"नवशिक्याला लाल ते लाल सुचलंच नसतं," भाऊ म्हणाला. "त्याने सोबतचा कागद वाचला असता."

ती चिडून उठली, पण हसूही आलं. दोन्ही टोकं तिने सोडवली आणि नीट लावली. मग पातेल्यात पाणी उकळून सेन्सरचं टोक त्यात बुडवलं. शंभर. केस वाळवायचं यंत्र आणून मधल्या जोडावर गरम हवा सोडली. आकडा जागचा हलला नाही. तिने यंत्र जवळ नेलं, पार चिकटवलं. तरी शंभरच. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

तिसरा बोर्ड घालायच्या आधी भावाने तिला तासभर थांबायला लावलं. "भट्टी पूर्ण निवू दे. उगाच परीक्षा नको." तो तास तिने कसा काढला हे तिलाच ठाऊक. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. शेवटी खण आत गेला. ती खणाच्या काचेजवळ नाक नेऊन उभी राहिली. राखाडी पेस्ट ओलसर झाली, मग एका क्षणात सगळीकडे चांदी पसरली आणि तिरकी चिप सरकून सरळ झाली.

"झालं रे!" ती ओरडली.

झालं नव्हतं. मोटरच्या तारा जिथे लागतात तो जाड कनेक्टर राहिला होता. त्याचं प्लॅस्टिक भट्टीत टिकत नाही. त्याचे सहा पाय हातानेच जोडायचे, आणि ते चिपेला अगदी खेटून. एक थेंब इकडे सांडला की शेवटची चिप गेली. हे तिला सकाळपासून माहीत होतं. सकाळपासून ती त्याच्यापासूनच पळत होती.

तिने सोल्डरिंगची सळई तापवली, हात पुढे नेला. टोक हवेत नाचायला लागलं. डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही नाचले. तिने सळई ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. पाच वाजून गेले.

"ताई, सळई आणि बोर्ड घेऊन इकडे ये," भाऊ म्हणाला.

"येते. थोडं राहिलंय."

"हात थरथरतोय म्हणून राहिलंय ना?"

ताई दारात येऊन उभी राहिली. 

"रोज मला भरवतेस. दोन वर्षं चमचा माझ्या दातांवर वाजतोय. मला काय कळत नाही? तू सांगशील म्हणून थांबलो होतो." त्याने मानेने स्वतःच्या हाताकडे खूण केली. "पलंगाचं जेवणाचं टेबल माझ्यावर ओढ. माझा हात त्याच्यावर ठेव. बोर्ड त्याला लावून ठेव, आणि तुझं मनगट माझ्या हातावर दाबून धर. बारा वर्षांत हललेला नाही तो. असा टेकू तुला कारखान्यात तरी मिळाला होता का?"

ताईला रडू आवरेना. तरी तिने त्याचा हात उचलून टेबलावर ठेवला, आणि आपलं मनगट त्याच्यावर दाबलं. कंप गेला नाही, पण बारीक झाला. पहिला पाय लागला. दुसरा. तिसऱ्याला सोल्डरचा थेंब निसटून त्याच्या मनगटावर पडला.

"भाजलं रे!" ती किंचाळली.

"कोणाला?"

"तुला, मूर्खा!"

"मला कळलंसुद्धा नाही. चिप ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग पुढचा पाय लाव. रड नंतर."

सहाही पाय लागले. तिने त्याच्या मनगटावर गार पाण्याची घडी ठेवली, बोर्ड खुर्चीत बसवला आणि पलंगावरून उचलायच्या पाळण्यातून भावाला खुर्चीत आणलं. त्याने हनुवटीने दांडी दाबली. खुर्ची गुरगुरली, मागे कलली, सरळ झाली, आणि दारातून स्वयंपाकघरात आली. ताई भिंतीला टेकून बघत राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच ती एका जागी स्वस्थ उभी होती.

"उद्या नर्स येऊन गेली की डॉक्टरकडे जायचं," भाऊ म्हणाला.

"जाऊ की. खुबा दाखवायलाच हवा."

"खुबा नर्स बघेल. तुझ्या हातासाठी म्हणतोय मी," तो म्हणाला. "मी नेतो तुला."