कपलडिच मास्तरांचा फाटका झारा

इंग्लंडातल्या मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावर क्लिफर्ड मॉवरइतका सज्जन माणूस दुसरा नाही, यावर डिटेक्टर क्लबच्या एकोणीसच्या एकोणीस सभासदांचं एकमत होतं. वाळूत धातू शोधणारे लोक खड्डा खणतात आणि पुढे जातात. क्लिफर्ड दुसऱ्यांचे खड्डे बुजवायचा. उघडा खड्डा दिसला तर परवाना रद्द, असं नगरपालिकेने बजावून ठेवलं होतं. त्यामुळे दर रविवारी कपलडिच मास्तर खणत पुढे चाललेत आणि वीस पावलं मागे क्लिफर्ड खाली मान घालून बुजवत चाललाय, हे पाहून चिटणीसबाईंना भरून यायचं.

चिटणीसबाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मास्तरांचा झारा फाटका होता.

झारा म्हणजे लांब दांड्याचा, भोकाभोकांचा स्टीलचा डबाच. डिटेक्टर वाजला की तो वाळूत खुपसायचा, उचलायचा, हलवायचा. वाळू गळते, माल राहतो. मास्तरांच्या झाऱ्याचा तळ नऊ वर्षं वाळूत घासून घासून टाचेपाशी, म्हणजे मागच्या कडेला, उसवला होता, त्यामुळे वाळूबरोबर मालही गळायचा. मास्तर आत डोकावायचे, "खोटा आवाज" म्हणायचे आणि निघायचे. तोच खड्डा पुन्हा तपासणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शाळेतही छत्तीस वर्षांत त्यांनी कुठलाच धडा दुसऱ्यांदा शिकवला नव्हता.

मागून क्लिफर्ड यायचा आणि बुजवण्याआधी खड्ड्यावरून आपला डिटेक्टर हळूच फिरवायचा. अशा समाजसेवेतून मार्चपासून त्याला व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं नाणं मिळालं होतं, एक पदक मिळालं होतं आणि एक सोन्याची अंगठी. अंगठी पोलिसांत जमा केली होती, पण शोधणारा म्हणून नाव त्याचंच लागलं होतं. वर्षातल्या सर्वांत भारी वस्तूसाठी क्लबचा चषक असे. अकरा वर्षांत त्यावर क्लिफर्डचं नाव एकदाही कोरलं गेलं नव्हतं. यंदा जवळजवळ कोरलंच होतं, पण गेल्या आठवड्यात पावाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या एव्हिस डॅनॅटबाईंनी सोन्याची जुनी गिनी काढली आणि क्लिफर्ड दुसऱ्या नंबरावर घसरला. चषक जिथे देतात त्या क्लबच्या जेवणाला पाच रविवार उरले होते. सगळी भिस्त मास्तरांच्या टाचेवर होती.

आणि मंगळवारी मास्तर झारा घेऊन क्लिफर्डच्या शेडच्या दारात उभे.

"मॉवर, ही टाच बघ. नात विचारते, आजोबा, याला मागचं दार कशाला?"

क्लिफर्डची हयात ग्रिम्सबीच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेली होती. क्लबची सगळी मोडतोड त्याच्याचकडे यायची. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मास्तरांनी झारा टेबलावर ठेवला आणि शेजारी बायकोने दिलेला मनुकांचा पाव ठेवला.

"शनिवारी न्यायला येतो. आणि खड्ड्यांबद्दल किती आभार मानू? कोण करतं हल्ली दुसऱ्यासाठी?"

क्लिफर्डने पाव चीज लावून खाल्ला आणि बेत केला. टाका कच्चा घालायचा. वरून चकचकीत, आतून पोकळ. दुसऱ्या रविवारी आपोआप उसवेल.

कच्च्या टाक्यासाठी गंज तसाच ठेवायचा असतो. पण त्याच्या हाताने न विचारताच तारेचा ब्रश उचलला आणि पत्रा आरशासारखा करून ठेवला. मग त्याने सांध्यात मुद्दाम एक भोक सोडलं आणि चहा प्यायला गेला. कप अर्धाही झाला नसेल, परत येऊन त्याने सगळं घासून काढलं; असलं काम शेडमध्ये पडून आहे या विचाराने चहा गोड लागेना. तिसऱ्या खेपेला त्याने डाव्या हाताने टाका घातला. तो उजव्यापेक्षा सरळ आला.

शुक्रवारपर्यंत झाऱ्याला नवा तळ बसला होता. सांधा असा, की माशाचे खवले एकावर एक रचून ठेवलेत. क्लिफर्ड त्याच्याकडे बराच वेळ कौतुकाने बघत राहिला आणि मग स्वतःला एक अस्सल ग्रिम्सबीची शिवी दिली.

रविवारी मास्तरांनी चौदा खड्डे खणले. क्लिफर्डने चौदा रिकामे खड्डे बुजवले. चिटणीसबाई बघत होत्या, त्यामुळे मधेच सोडूनही देता येईना.

घरी जाताना मात्र त्याच्या डोक्यात उजेड पडला. वाईट काम आपल्या हातून होत नाही, ठीक. पण कामच केलं नाही तर?

सोमवारी सकाळी डॅनॅटबाई स्वतःचा झारा घेऊन हजर झाल्या. "मास्तरांचा टाका पाहिला रे राजा. माझाही बघ, कोपरा पार झिजलाय."

क्लिफर्डने कोपऱ्यात बोट घातलं. शेजारी दुसरंही गेलं. गिनीवाल्या बाईचा झारा आणि दोन बोटांचं भोक. त्याने मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला.

"याला काय झालंय? उलट पाणी झटकन निथळतं. दोन वर्षं हात लावू नका."

"माल नाही ना पडणार?"

"छे. आणि खड्ड्यांची काळजी सोडा. या रविवारपासून तुमचे मी बुजवतो."

"माझे? मास्तरांचे सोडून?"

"तुमची कंबर दुखते ना."

"माझी कंबर ठणठणीत आहे." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग भोकाकडे. चाळीस वर्षं त्यांनी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते. "इतका चांगला आहे म्हणतोस, तर असं करू. तुझा मला दे. हा तू वापर."

"माझा?"

"पाणी माझ्यापेक्षा तुझं निथळू दे. चषकाच्या जेवणापर्यंत. मग परत बदलू."

क्लिफर्डने भिंतीला टेकवलेल्या आपल्या धडधाकट झाऱ्याकडे पाहिलं.

"बघू द्या पुन्हा," तो म्हणाला. "अंधुक उजेडात नीट दिसलं नव्हतं."

"तेच म्हटलं." बाईंनी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या. "मी थांबते. तुझ्या हातचं काम बघायला आवडतं मला."

क्लिफर्डने तारेचा ब्रश उचलला.