लेकीच्या गळ्याची हाक

"गेली तर जाऊ दे! बिबट्यानं खाल्ली तर सुटले म्हणेन," असं म्हणत बाईने चुलीतलं लाकूड फणकाऱ्याने मागे ओढलं.

नवरा उंबऱ्यात बसला होता. सकाळपासून थोरला डोंगर पालथा घालून, रिकामं दावं खांद्यावर टाकून परतला होता. "गाय गाभण आहे गं. आज ना उद्या विणार. मुक्या जिवाशी कसलं वैर?"

"तिच्यापायी माझी पोर गेली."

थोरला म्हणजे त्या मुलखातला सगळ्यात उंच डोंगर, आणि त्याच्या कुशीतलं रान पणज्या-खापरपणज्यांच्याही आधीचं. कुणी लावलं नाही, कुणी तोडलं नाही. एकेक खोड चार माणसांच्या कवेत मावायचं नाही. तिथली झाडं उभ्या उभ्या म्हातारी होत आणि वारं नसतानाही फांद्या टाकत. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक फांदी पोरीवर पडली. हीच गाय आणायला गेली होती.

गाय भारी नखऱ्याची. रानात शिरली की पोरीच्या हाकेशिवाय पाऊल उचलायची नाही. बापाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण व्यर्थ.

"तुझा गळा तिच्यासारखाच आहे," तो चाचरत म्हणाला. "तू हाक मारून बघ."

"मेलेल्या लेकीचा आवाज काढू? तुमच्या जिभेला काही हाड?"

पण दिवस कलला तशी तीच उठली. दिवस भरलेला जीव रानात आणि आपण चुलीपाशी, हे तिला सोसवेना. दोघं रानाच्या तोंडाशी आली. धुकं उतरलं होतं, पाचोळा ओला होता. तिने डोळे मिटले.

"ये गं बाये... येऽऽ!"

खाण तशी माती. आवाज हुबेहूब निघाला, तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला.

दुसऱ्या हाकेला आतून हंबरणं ऐकू आलं. झुडपं मोडत गाय धावत आली, बाईला हुंगून तिच्या बाजूने पुढे गेली आणि कुणाला तरी शोधू लागली.

"नाही गं बाये, मीच आहे," म्हणत बाई तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून तिने दावं बांधलं. नवरा रानाकडे तोंड करून तसाच उभा.

"अहो, सापडली ना गाय? चला."

"अजून एकदा हाक मार की."

"आता कुणाला?"

त्याने डोळे मिटून कान दिला. बाईने दावं घट्ट धरलं आणि पुन्हा हाक मारली.