गाडीचे चार पंचप्राण

वारंगा फाट्याच्या लिंबाखाली गर्दी इतकी दाटली होती की धुनीचा धूरही वाट शोधत वर चढत होता. नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली मोटार पुन्हा एकदा तिथेच मेली होती, आणि अंगारबाबा तिला पुन्हा एकदा उठवणार होता. बाळापूरच्या बाजाराला निघालेली माणसे बाजार विसरून उभी होती. मेलेले माणूस उठताना कुणी पाहिले नव्हते. मेलेली मोटार उठताना मात्र सर्वांनी पाहिली होती.

गर्दीच्या कडेला त्याच मोटारीतून उतरलेले माणिकराव मास्तर उभे होते. हैदराबादहून विज्ञानाची पदवी घेऊन ते कळमनुरीच्या शाळेत आले, तेव्हा अशा गर्दीत हिरिरीने शिरून समजावत. भानामती झाली, गुप्तधन झाले, अंगात येणे झाले. लोक मान डोलावून ऐकत आणि पुढच्या अमावास्येला नवा नारळ घेऊन निघत. आता शब्द ओठांपर्यंत येत आणि उन्हाने करपलेल्या पानांसारखे तिथेच गळून पडत.

महायुद्धापायी पेट्रोल मिळेनासे झाले होते. मालकाने मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी जोडली होती. तीत कोळसा धुमसे, त्याचा वायू नळीने इंजिनात जाई आणि चार प्लगांची ठिणगी त्याला पेटवी. इंधन बदलले, प्लग मात्र पेट्रोलच्या काळातलेच राहिले.

तेच चार प्लग अंगारबाबाने काढून ताटात मांडले होते.

"ह्ये लोखंड न्हाई, बाबांनो!" तो गरजला. "ह्ये गाडीचे पंचप्राण हायेत!"

"पण बाबा, ह्ये तर चारच हायेत," ड्रायव्हर ग्यानबा पुटपुटला.

"पाचवा माझ्यापाशी हाय. म्हणून तर गाडी इथं थांबती!"

गर्दीने माना डोलावल्या. हिशेब चुकला की श्रद्धा आपल्या पदरची भर घालते.

बाबाने डोळे मिटले, नाकाने हवा ओढली आणि बोट रोखले. "आज गाडीत नजर बसली हाय. ती बगा!"

बोट होते पारुबाईकडे. फाट्याजवळच्या तांड्यावरची ही म्हातारी तापाने फणफणलेल्या नातीला मांडीवर घेऊन मोटारीच्या मागच्या बाकावर बसली होती. हिंगोलीच्या दवाखान्यातला डॉक्टर संध्याकाळी उठून जाई. त्याआधी तिला पोचायचे होते.

"मागल्या बाजारीबी ही चढली अन् गाडी मेली," बाजाराला निघालेले सोनाजी पाटील म्हणाले. "उतर बाई. तुझ्यापायी आमचा बाजार बुडून राहिला."

"पाटील, मागल्या बाजारी तुमीबी गाडीत व्हता की. मंग तुमची नजर काहून न्हाई?"

कुणीतरी फिसकन हसले. बाबा हसला नाही. "ही पायी वळणापल्याड जाईल, तवाच मी प्राण धुनीत घालीन. न्हाई तर गाडी इथंच सडंल!"

पारुबाई उतरली. बांगड्यांनी भरलेल्या तिच्या हातावरून पोरीची मान मागे लोंबली. माणिकरावांनी नकळत त्या कपाळाला हात लावला, आणि तो हात त्यांना परत घेता येईना. एवढ्या उन्हात हे लेकरू वळणापर्यंतही टिकणार नव्हते.

"ग्यानबा," ते थकल्या आवाजात म्हणाले, "इंजिनावर नारळ कुणी फोडला?"

"बाबानंच. रोजच फोडतेत. झाकण उघडून, बराबर मधोमध. गाडी मरू नये म्हणून."

"आणि फोडल्यावर?"

ग्यानबाचे तोंड उघडे राहिले. "...मरती."

रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट पहिल्यांदाच शब्दांत उच्चारली गेली होती.

माणिकराव ताटावर वाकले. "हे पाहा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नारळाचं पाणी आणि वर काजळी. ठिणगीनं फट ओलांडून उडी मारायची, तर ती या ओलीतूनच निसटून जाते. तिकडे बाबांची आरती होईपर्यंत भट्टी मंदावते, वायू पातळ होतो. गाडी बंद पडू नये म्हणून तुम्ही थांबता, आणि थांबून तिला बंद पाडता."

"भस्म होशील मास्तर!" बाबा ओरडला. "हात तर लावून बघ!"

"मी लावणारच नाही. मी लावला तर म्हणतील, मास्तरालाही मंत्र येतो. पारुबाई लावतील."

"तिचा हात लागला तर गाडी कायमची मरंल!" सोनाजी पाटील घाबरून म्हणाले.

"पाटील," ग्यानबा म्हणाला, "आता काय गाडी नाचून राहिली का?" आणि त्याने बाबासमोरचे ताट उचलले.

प्लग वाळवायला बाबाने धुनीतला विस्तव द्यायचे नाकारले. त्याची गरजही नव्हती; विस्तव मोटारीच्या पाठीवरच होता. ग्यानबाने भट्टीचे खालचे दार उघडून निखारे ओढले. पोरीला मास्तरांच्या हाती देऊन पारुबाई उकिडवी बसली आणि चुलीवर भाकरी शेकावी तसे तिने चिमट्याने एकेक प्लग निखाऱ्यावर फिरवले. काजळी जळाली, ओल उडाली. मग माणिकरावांच्या सांगण्यावरून ग्यानबाने प्लगांची टोके दगडाने हलकेच ठोकली.

"कोळशाचा वायू पेट्रोलसारखा चटकन पेटत नाही," माणिकराव सांगत होते. "ठिणगी रुंद फटीत दमते. म्हणून फट जाड कागदाएवढी हवी. बाबा मंत्र म्हणत चिमटा आपटतात ना, तो याच टोकावर." पोरीला खांद्याशी धरून त्यांनी बाबाच्या बगलेतला भगव्या फडक्यात गुंडाळलेला दंड एका हाताने ओढला, फडके गळून पडले आणि आतून मोटारीचा पाना निघाला. "प्राण काढायला यमाला पाश लागतो. यांना पाना लागतो."

प्लग बसले. ग्यानबाने भट्टीचा पंखा फिरवून निखारे फुलवले आणि हँडल मारले. मोटार खोकली, थरथरली आणि धडधडू लागली.

लोकांनी जल्लोष केला. पण पुढे जे झाले ते पाहून माणिकरावांनी डोळे मिटले. सोनाजी पाटलांनी नारळ पारुबाईच्या पायांशी ठेवला. "माय, चुकलो. तुझ्या हाताला देवीचा गुण हाय!" मागून आणखी माणसे वाकू लागली.

पारुबाईने पाय मागे घेतले. "उचला त्यो नारळ! उद्या माझ्या नावानं गाडीवर फोडताल अन् पुन्यांदा माराल तिला. माझ्या हातात गुण असता, तर ह्या लेकराला दवाखान्यात काहून नेलं असतं?"

धुनीपाशी बाबा आपले फडके शोधत होता.

माणिकराव काही बोलू लागले, तोच ती म्हणाली, "मास्तर, बाकीचं गाडीत सांगा. डाक्टर उठून जाईल."

मोटार चढाला लागली. पुढच्या बाकावर सोनाजी पाटलांनी अंग चोरून जागा केली. पोरीचे पाय त्यांच्या मांडीवर आले. खडखडाटातून माणिकराव म्हणाले, "गाडी थांबली तर आधी इंजिन उघडा. ओलं असेल ते वाळवा, काजळलेलं असेल ते जाळा. ताप आला तर डॉक्टर गाठा. पण माणसाच्या तोंडाकडे पाहून कारण ठरवू नका. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः करून पाहा."

"आवाजात ऐकू न्हाई आलं, मास्तर," पाटील कानाला हात लावून म्हणाले. "पुन्यांदा सांगा."

माणिकरावांनी घसा खाकरला, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.