गाळावरून जाणारी दोरी

जनीला खाडीने नेलं तेव्हा काठ तिच्यापासून फारसा लांब नव्हता. नम्रताला सहन होत नव्हतं ते हेच.

काजळीच्या खाडीवरची ती वाडी. ओहोटी लागली की बायका गाळात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. नम्रताची आई जनी लग्न होऊन आली तेव्हापासून उतरत होती. कुठे पाय टाकायचा नि कुठे नाही, हे तिला तिच्या परसासारखं ठाऊक होतं. पण त्या वर्षी खाडीने आपली वाट थोडी बदलली, आणि जिथे घट्ट वाळू असायची तिथे लोण्यासारखा गाळ बसला. एका सकाळी जनी त्यात कमरेपर्यंत रुतली.

होड्या वरच्या अंगाला, कोरड्यावर बसलेल्या. भरतीचं पाणी आधी शिरलं ते जनी होती त्या खोलगट जागेत. होडी उचलेल एवढं पाणी वर यायला अजून वेळ होता. शेजारचा नितेश फळी घेऊन निघाला, तर तोच मांडीपर्यंत आत गेला. त्याला दोघांनी मागे ओढलं. मग जनीचा नवरा केरू काठावरून दोरी फेकत राहिला. दर वेळी दोरी अलीकडेच पडली. होडी तरंगली तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर केरू खाडीकडे फिरकला नाही. जाळी त्याने नितेशला देऊन टाकली. दिवसभर अंगणात सुपारी सोलत बसायचा, आणि मधेच उजवा खांदा चोळायचा. दुखतो का विचारलं तर ‘नाय’ म्हणायचा.

नम्रता मिरजोळ्याला, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करी. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या मृणालीने तिला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. ताटाएवढं एक खेळणं पाण्यावरून चिखलावर आलं, चिखलावरून गवतावर गेलं, कुठे अडलं नाही.

“हे रुतत कसं नाही?” नम्रताने विचारलं.

“हॉवरक्राफ्ट आहे. खालून हवा मारतात, तिच्यावर ते उचललेलं राहतं. टेकतच नाही जमिनीला.”

नम्रताने डब्याला झाकण लावलं आणि तो व्हिडिओ पुन्हा पाहिला.

घरी येऊन तिने कामाला हात घातला तो मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यापासून. असली खोकी बंदरावर ढिगाने पडलेली असतात. खोक्याचं झाकण झालं तळ. मधोमध भोक पाडून त्यात एक पंखा बसवला, खाली हवा मारणारा. मागे दुसरा, पुढे ढकलणारा. दोन्ही मोटारी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याने दिल्या, त्याचा ड्रोन माडावर आपटून मोडला होता. रिमोटही त्याचाच. हवा कोंडून धरायला खालून सगळीकडून झालरीसारखं कापड लागतं, ते जुन्या छत्रीचं निघालं. ती झालर वर्कशॉपमधल्या रबरी गोंदाने चिकटवायला गेली, तर गोंदाने थर्माकोलच खाल्लं. तळाची चाळण झाली. दुसरं झाकण आणावं लागलं.

केरू एका रविवारी तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

“काय करतेस गो हे?”

“गाळावरून दोरी नेणारं बनवतेय, बाबा.”

तो जरा वेळ त्या थर्माकोलकडे पाहत राहिला. मग आत गेला. त्या दुपारी तो जेवला नाही, आणि नम्रतानेही आग्रह केला नाही.

अंगणात यंत्र उचललं गेलं खरं, पण जागच्या जागी गरगर फिरू लागलं. मागच्या पंख्याच्या वाऱ्यात वळणाऱ्या पट्ट्या बसवल्यावर ते ताळ्यावर आलं. खाडीत नेलं तेव्हा वेगळंच निघालं. काठावरून सोडलेली बारीक दोरी गाळाला चिकटे, आणि यंत्राचं शेपूट मागे खेचलं जाई. मग नम्रताने दोरीचं रीळच यंत्रावर बसवलं. जाता जाता दोरी मागे उलगडत गेली, ओढ राहिली नाही.

लोक बघायला येत. कोणी हसत, पण जनीची मुलगी म्हणून जपून हसत. शेवटी एका ओहोटीला ते यंत्र गाळात रोवलेल्या बांबूपर्यंत नीट जाऊन थांबलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

“बांबूला दोरी धरता येत नाय पण,” नितेश म्हणाला. “खरं कळायचं तर माणूस पाहिजे तिथे.”

 मागून केरूचा आवाज आला. तो कधी आला ते नम्रताला कळलंच नव्हतं.

“मी उभा राहतो.”

“नको, बाबा.”

“मग कुणाला उभं करशील?”

नम्रताने रीळ उचललं आणि दोरी पुन्हा गुंडाळायला घेतली.

पाणी अजून उतरत होतं. नितेशने आपली होडी आधीच खोल पाण्यात नेऊन जवळच नांगरली, काही झालं तर धरायला. केरूने सदरा काढून नम्रताच्या हातात दिला आणि तो गाळात उतरला. कुठे जायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. त्या जागी पोचल्यावर तो आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आत गेला, आणि काठाकडे तोंड करून उभा राहिला.

सदरा खांद्यावर टाकून नम्रताने रिमोट घेतला. तिने यंत्र सोडलं. अर्ध्या वाटेत वाऱ्याचा झोत आला नि ते कडेला वाहवलं. तिने ते वळवून परत वाटेला आणलं. केरूच्या हाताशी आल्यावर तिने पंखे बंद केले आणि यंत्र गाळावर टेकलं.

केरूने ते उचललं नाही. तो नुसता काठाकडे पाहत होता.

“बाबा, दोरी धरा,” ती ओरडली. मग पुन्हा, हळू, “धरा ना, बाबा.”

त्याने दोरी धरली आणि खेचू लागला. बारीक दोरीच्या काठाकडच्या टोकाला जाड दोर बांधलेला, दोराला रुंद फळी, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्यांच्या हातात. फळी हाताशी आल्यावर तो तिच्यावर छातीने आडवा झाला, आणि एकेक पाय हलवत गाळातून सोडवू लागला. त्याला बराच वेळ लागला. मग त्याने हात वर केला, आणि काठावरच्या सगळ्यांनी मिळून दोर ओढला.

वर आल्यावर तो चिखलाने माखलेला तसाच दगडावर बसला. नम्रता त्याच्या पायांवर पाणी ओतू लागली.

“तिथून माणसं ओळखू येतात गो,” तो म्हणाला. “तोंडं दिसतात. मला वाटायचं, ती एकटीच होती.”

नम्रता पाणी ओतत राहिली.

“मी फेकत होतो ते दिसत असंल तिला.”

हे बरं म्हणायचं की वाईट, नम्रताला ठरवता येईना. केरू रडत होता, आणि तिने त्याला रडू दिलं.

पुढे ते यंत्र बंदरावरच्या जाळी ठेवायच्या खोलीत राहू लागलं. ते चालवायला नितेश शिकला आणि यमुनाबाईंची सून आरोही शिकली. तिसऱ्या काढणाऱ्यांत यमुनाबाई सगळ्यांत वयाने मोठ्या, त्यांनीच सुनेला बसवलं होतं शिकायला. बॅटरी भरून ठेवायचं काम केरूने आपणहून घेतलं.

पुढच्या हंगामात पलीकडच्या वाडीतली एक बाई मांडीपर्यंत रुतली. नम्रता तेव्हा कामावर होती. आरोहीने यंत्र सोडलं, ते वाऱ्याने उलटं झालं. ओढून परत आणलं, पुन्हा सोडलं, तेव्हा पोचलं. दोर ओढणाऱ्यांत केरू पुढे होता. बाईचा गुडघा सटकला, पण भरती चढायच्या आत ती काठावर आली.

संध्याकाळी नम्रता घरी आली तर केरू अंगणात यंत्र धूत बसला होता. झालर एका बाजूने फाटली होती. त्याने झालेलं सगळं तिला सांगितलं. मग, तिने न विचारताच, तो जनीबद्दल बोलायला लागला. त्या सकाळी ती चहा अर्धाच टाकून कशी निघाली, दारातून काय म्हणाली.

नम्रताने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि ती त्याच्याजवळ बसली.